एका स्पॅनिश गीताची लय, पट्टी आणि भाव

कामगार संघटनेच्या माणसाने परदेशी गाण्यावर का बोलावे, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. पण अस्तुरियास हे नाव आम्हांला प्रथम भेटले ते संगीताच्या पुस्तकात नव्हे, खाणकामगारांच्या इतिहासात. स्पेनच्या उत्तरेकडील ह्या डोंगराळ, कोळशाच्या मुलखात ऑक्टोबर १९३४ मध्ये खाणकामगारांनी उठाव केला. सुमारे दोन आठवडे ते टिकून राहिले. मग सैन्याने उठाव चिरडला; हजाराहून अधिक माणसे मेली. अशा मुलखाचे गाणे म्हटले की ते मुठी आवळून म्हणण्याचे असणार, अशी आपली समजूत होते. मानुएल दे फाया ह्या संगीतकाराचे ‘अस्तुरियाना’ ऐकावे म्हणजे ती पार बदलते.

गीत उठावाच्या वीस वर्षे आधीचे आहे, आणि त्याची लोकचाल त्याहूनही जुनी. फाया जन्मला १८७६ साली, दक्षिणेतील कादिस बंदरात. १९०७ पासून तो पॅरिसमध्ये राहिला व तेथेच १९१४ साली त्याने स्पेनच्या निरनिराळ्या प्रांतांतील सात लोकगीतांना पियानोची साथ बांधली. महायुद्ध पेटले तसा तो मायदेशी परतला. जानेवारी १९१५ मध्ये माद्रिदच्या ‘आतेनेओ’ संस्थेत लुइसा वेला हिने ही गीते गाइली. पियानोवर फाया स्वतः होता. ही आतेनेओ व्याख्यानांसाठी व वादविवादांसाठीच नावाजलेली संस्था आहे, तेव्हा ह्या गीताचा आणि व्याख्यानमालेचा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही!

सातांतील तिसरे ते ‘अस्तुरियाना’. गायला अडीच मिनिटे पुरतात. आशय चार ओळींत संपतो: दुःखी माणूस सांत्वनासाठी एका हिरव्या पाइन वृक्षाजवळ जातो, आणि त्याला रडताना पाहून झाडालाही रडू येते. बस्स, इतकेच. दुःख कशाचे, हे गीत सांगत नाही.

आता लय. फायाने वर लिहिले आहे ‘आंदान्ते त्रांक्विल्लो’. पाश्चात्य संगीतात असल्या सूचना बहुधा इटालियन भाषेत देतात. अर्थ असा, की चालत्या पावलाच्या गतीने, शांतपणे. म्हणजे रेंगाळत नव्हे. मोजणी दोन-दोन मात्रांची. पण खरी गंमत पियानोत आहे. एका मात्रेत चार, असे बारीक स्वर तो सुरुवातीपासून एकसारखे, अगदी दबक्या आवाजात वाजवीत राहतो. वर गळा सावकाश चालतो, खाली स्वरांची ही अखंड हालचाल. गिरणीत काम केलेल्यांना हे चटकन कळेल. मागांचा एकसारखा आवाज चालू असतो, काही वेळाने तो कानाला जाणवेनासा होतो, आणि त्यावरून शेजारचा माणूस जे बोलतो ते मात्र नेमके ऐकू येते. ‘अस्तुरियाना’ची लय संथ असून साचलेली वाटत नाही, ती ह्या साथीमुळे.

पट्टी मूळ प्रतीत ‘फा मायनर’. पेटीवर पांढरी चार हा षड्ज धरा आणि गंधार, धैवत व निषाद कोमल घ्या, म्हणजे ही स्वरावली हाती लागेल. आसावरी थाटाचे स्वर ते हेच. मात्र कोणी ह्याला राग आसावरी म्हणू नये. स्वर जुळले म्हणून चलन जुळत नाही. खालच्या आवाजाच्या गायकांसाठी हीच गीते उतरत्या पट्टीत छापली गेली आहेत, आणि भाव बिघडत नाही. कारण षड्ज कोठेही धरला तरी स्वरांमधील अंतरे तीच राहतात. ‘फा’ ह्या स्वरात स्वतःचे असे दुःख काही नाही.

तर मग ‘मायनर म्हणजे दुःख आणि संथ म्हणजे दुःख’ हे जे गृहीत धरले जाते, त्याचे काय? उत्तर ह्याच संग्रहात आहे. पहिले गीत ‘एल पान्यो मोरुनो’ हेही मायनरमध्येच आहे, पण चाल चपळ आणि सूर मिस्किल. दुकानातल्या उंची कापडावर डाग पडला नि त्याची किंमत उतरली, अशी त्याची गोष्ट. रोख अर्थात कापडावर नाही, माणसाच्या अब्रूवर आहे. उलट सातवे ‘पोलो’ हे आंदालुसियाचे गीत दुःखाचेच, आणि त्याची सूचना आहे ‘वीवो’, म्हणजे जलद! तेथे पियानो गिटारसारखा तडतडतो, आणि गळ्यातून ‘आय’ असा चीत्कार पुन्हा पुन्हा फुटतो. छातीत कळ आहे आणि ती कोणाला सांगणार नाही, असे म्हणणारा माणूस हे सारे ओरडून सांगतो.

एकाच संगीतकाराने दुःख एकदा धावते आणि एकदा चालते केले. ‘अस्तुरियाना’तला माणूस एकदाही आवाज चढवत नाही. चालीतले स्वर बहुतेक एकमेकांना लागून, उडी क्वचित. आम्हांला विचाराल तर ‘पोलो’ टाळ्या घेते, पण मनात राहते ते ‘अस्तुरियाना’. आमच्या कामात दोन्ही तऱ्हांची माणसे आम्ही पाहिली आहेत. घरातली मिळकत बंद झाल्यावर कोणी सभेत उभे राहून आक्रोश करतो, तर कोणी नुसता येऊन शेजारी बसतो. दुसऱ्याची चौकशी करायचे आपण बहुधा विसरतो.

ध्वनिमुद्रिकेवर ऐकायचे तर व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस हिचे गायन ऐकावे. पॉल कोखान्स्की ह्याने ह्यांतील सहा गीते व्हायोलिनसाठीही बांधली आहेत. शब्द गेले तरी किती उरते, हे त्यावरून ताडता येते. ऐकताना शेवटाकडे लक्ष असू द्यावे. गळा थांबतो, पण पियानोचे ते बारीक स्वर लगेच थांबत नाहीत. ते आणखी थोडा वेळ, अधिकाधिक हळू होत, चालू राहतात.