वैमानिक होण्यापूर्वी

विमान चालविण्याचा परवाना मिळविणे आणि विमान कंपनीत वैमानिक म्हणून नेमणूक होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. या व्यवसायाची स्वप्ने पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हा भेद आरंभीच ध्यानात घेणे इष्ट होय. कारण पहिल्या गोष्टीसाठी लाखो रुपये खर्चावे लागतात. दुसरीची हमी कोणीही देऊ शकत नाही.

बंगळूर शहराचा विमानविद्येशी संबंध जुना आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना उभारला. पुढे १९४८ मध्ये जक्कूर येथे सरकारी उड्डाण प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९५७ मध्ये हवाई दलाने वैमानिकीय वैद्यकाची संस्था स्थापन केली. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याने या दोन संस्थांपैकी वैद्यकीय संस्थेचा विचार आधी करावा, शाळेचा नंतर.

व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र अनिवार्य असते. त्यासाठी दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, श्रवण, हृदय आदींची कसून तपासणी होते. चष्मा असणे ही स्वतःहून अपात्रता ठरत नाही. मात्र एखादा दोष उशिरा उघडकीस आल्यास तोवर भरलेले शुल्क वाया जाते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच ही तपासणी करून घेणे शहाणपणाचे. मुलगे व मुली असा भेद नियमांत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला उतरलेल्या एअर इंडियाच्या विमानाचे सारे सारथ्य महिला वैमानिकांनीच केले होते.

शिक्षणाच्या बाबतीत भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण होण्याची अट दीर्घकाळ चालत आली आहे. अन्य शाखांचे विद्यार्थी मुक्त विद्यालयाच्या परीक्षेद्वारे हे विषय पूर्ण करीत आले आहेत. विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी, तर व्यावसायिक परवाना अठराव्या वर्षानंतर मिळू शकतो. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय दोनशे तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी किमान शंभर तास विमानाची संपूर्ण जबाबदारी विद्यार्थ्याने स्वतः वाहिलेली असावी लागते. रात्रीच्या उड्डाणाचा आणि केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचा सरावही त्यात येतो.

एवढ्यानेही प्रवास संपत नाही. कंपनी ज्या जातीचे विमान वापरते, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याचा खर्च पुष्कळदा उमेदवारावरच पडतो. नेमणूक होते ती सहवैमानिक म्हणून. कॅप्टनपदासाठी लागणाऱ्या परवान्याकरिता दीड हजार तासांचा अनुभव हवा.

आता धोक्याचा विचार करू. २००३ मध्ये बंगळुरातूनच एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवासास प्रारंभ केला, तेव्हा वैमानिकांची मागणी झपाट्याने वाढली. परंतु २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर अनुभवी वैमानिकही नोकरीच्या शोधात फिरू लागले. अशा वेळी नवशिक्याला कोण विचारणार? म्हणून घर गहाण ठेवून कर्ज काढण्यापूर्वी, नेमणूक दोन-तीन वर्षे लांबली तर हप्ते कोठून फेडणार, याचा हिशेब कुटुंबाने मांडावा. विद्यार्थ्यानेही एखादी पदवी वा दुसरे कौशल्य हाती ठेवावे. विमान उडविताना पर्यायी विमानतळ आधीच ठरवून ठेवतात. व्यवसाय निवडतानाही तीच दक्षता उपयोगी पडते.