घरबसल्या मदतीचा हात

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्ह्यातील माळीण या गावी एस.टी.चा एक चालक नेहमीप्रमाणे बस घेऊन आला. पाहतो तो काय! गाव जागेवर नव्हते. डोंगराचा कडा कोसळून घरे मातीखाली गाडली गेली होती. चालकाने ही खबर पोहोचवली, तेव्हा मदत निघाली. या दुर्घटनेत दीडशेहून अधिक माणसे मरण पावली.

विद्यार्थी मित्रांनो, मदत करायची तर आधी खबर हवी. संकट कोठे आले? किती माणसे अडकली? तेथे जायला रस्ता कोणता? हे कळले नाही, तर बचाव पथक काय करणार? आज ही माहिती जमवायला अनेक सामान्य नागरिक मोबाइल आणि संगणकावरून हातभार लावतात. त्यांना ऑनलाइन स्वयंसेवक म्हणतात.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती या देशात मोठा भूकंप झाला. मदतीसाठी लोक ४६३६ या क्रमांकावर संदेश पाठवू लागले. पण ते संदेश क्रिओल भाषेत होते आणि परदेशांतून आलेल्या अनेक पथकांना ती भाषा येत नव्हती. मग परदेशांत राहणारे हैतीचे लोक पुढे आले. त्यांनी आपापल्या घरी बसून संदेशांचे इंग्रजीत भाषांतर केले. दुसऱ्या काही स्वयंसेवकांनी उपग्रहांची छायाचित्रे पाहून राजधानीतील रस्त्यांचा नकाशा तयार केला.

आपल्या देशातही असे घडले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. तेव्हा सरकार आणि तरुण स्वयंसेवक यांनी मिळून एक संकेतस्थळ सुरू केले. पुरात अडकलेले लोक त्यावर आपला पत्ता नोंदवत. स्वयंसेवक फोन करून खात्री करून घेत आणि माहिती पुढे पाठवत. त्या पुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो लोकांना वाचवले. होडी चालवणाऱ्याइतकीच पत्ता सांगणाऱ्याचीही गरज होती.

पण घाई केली, तर हीच मदत घातक ठरते. सुटका झालेल्या माणसाचा जुना संदेश फिरत राहिला, तर पथक तेथे जाते आणि खरा गरजू वाट पाहत राहतो. म्हणून संदेश आला, की तो कधीचा आहे, कोणी पाठवला आणि ठिकाण नेमके कोणते, हे आधी पाहावे. खात्री झाली नाही, तर तो पुढे पाठवू नये. मात्र जिवाला धोका दिसत असेल, तर चौकशीत वेळ घालवू नये. मोठ्या माणसांना सांगून ताबडतोब ११२ क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. स्वतः पुराच्या पाण्यात मुळीच उतरू नये.

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे उदाहरण घेऊ. येथे कोणी मराठी बोलतो, कोणी उर्दू, तर तांड्यावरचे लोक गोरमाटी बोलतात. समजा, रात्री जोराचा पाऊस झाला आणि नाल्याचे पाणी वस्तीत शिरले. घाबरलेली एखादी आजी आपल्याच भाषेत हाक मारणार! तिचे म्हणणे समजून घेऊन तहसील कार्यालयाला मराठीत नीट सांगणारा कोणीतरी हवा. ‘पाणी आले, लवकर या’ एवढे सांगून भागत नाही. गाव, वस्ती, जवळची खूण, माणसांची संख्या, आजारी कोण, हे सारे सांगावे लागते.

मुलांनो, हे काम तुम्ही करू शकता. तुम्हाला उर्दू येते आणि तुम्ही मराठी शिकत आहात. खबर, मदत, नकाशा, अफवा हे शब्द तर दोन्ही भाषांत आहेत. तुमच्या गावाच्या खुणा तुम्हाला पाठ आहेत. मग आजच एक काम करा. तुमच्या घराचा पत्ता अनोळखी माणसालाही सापडेल अशा चार वाक्यांत, स्वच्छ मराठीत लिहून पाहा.