अपडेट अर्धवट, संकेतस्थळ ठप्प!

वाचनालय, शाळा किंवा एखाद्या छोट्या व्यावसायिकाचे संकेतस्थळ रात्री व्यवस्थित सुरू असते. सकाळी पाहावे तर मुखपृष्ठाऐवजी कोरे पान, नाहीतर 'गंभीर त्रुटी उद्भवली आहे' अशी एका ओळीची सूचना. कोणीतरी हल्ला केला, हीच शंका प्रथम मनात येते. अनेकदा मात्र कारण साधे असते. रात्री आपोआप सुरू झालेला अपडेट मध्येच थांबलेला असतो. धडा घेतलेला मालक मग स्वयंचलित अपडेटची सोयच बंद करून टाकतो आणि खरा धोका तेथून सुरू होतो.

जगातील प्रत्येक पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन 'वर्डप्रेस' या मोफत प्रणालीवर चालतात. सुरक्षाविषयक छोटे अपडेट मालकाने काही न करता बसावेत, अशी सोय या प्रणालीत ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीने प्लगिन आणि थीम यांच्यासाठीही तशी सोय दिली. तरीही शेअर्ड होस्टिंगवर ती कधीकधी अडखळते. त्याचे कारण बहुधा वर्डप्रेसमध्ये नसते, तर ते ज्या जागेत राहते तिथे असते.

चाळीतील बिऱ्हाड

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एक प्रकारची चाळच. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात आणि प्रोसेसर, स्मृती, जागा सर्वांना वाटून घ्यावी लागते. एकाने सगळे पाणी भरून घेऊ नये, म्हणून होस्टिंग कंपनी प्रत्येकाला मर्यादा घालून देते. एरवी या मर्यादा जाणवत नाहीत. अपडेटच्या वेळी मात्र काही क्षणांत बरेच काम करायचे असते. नव्या आवृत्तीची झिप फाइल उतरवायची, ती उलगडायची, 'देखभाल सुरू आहे' अशी पाटी लावायची, जुन्या फाइलींवर नव्या चढवायच्या आणि शेवटी पाटी काढायची. यातील कोणत्याही पायरीवर मर्यादा आड आली, की घर अर्धे रंगवलेले राहते.

अडथळे कोणते?

पहिला अडथळा वेळेचा. पीएचपी या भाषेतील आज्ञावली किती सेकंद चालू द्यायची, याची मूळ मर्यादा ३० सेकंद आहे. होस्टिंग कंपन्या ती आपापल्या धोरणानुसार बदलतात. सर्व्हरवर ताण असला, तर फाइली चढवण्याचे काम मर्यादेत न बसता मध्येच तुटते.

दुसरा जागेचा. अपडेटच्या काळात जुन्या फाइलींबरोबर नव्याही ठेवाव्या लागतात. जुने बॅकअप आणि साठलेली ई-मेल यांनी कोटा भरला असेल, तर नवी फाइल अर्धवटच लिहिली जाते. काही कंपन्या फाइलींच्या संख्येवरही मर्यादा घालतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

तिसरा मालकीचा. फाइली एका खात्याच्या नावावर आणि पीएचपी चालते दुसऱ्या खात्याच्या नावाने, असे झाले की वर्डप्रेस स्वतःच्याच फाइली बदलू शकत नाही. अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागितला जातो, ती याचीच खूण. अशा वेळी वैतागून सर्व फोल्डरना ७७७ परवानगी देण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. सामायिक सर्व्हरवर ते दार उघडे टाकून झोपण्यासारखे आहे. सर्वसाधारणपणे फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ परवानगी पुरते. मालकीचा घोळ होस्टिंग कंपनीकडूनच दुरुस्त करून घ्यावा.

चौथा अडथळा चटकन लक्षात येत नाही. वर्डप्रेसचे नियोजित काम घड्याळाने नव्हे, तर पाहुण्याने सुरू होते. कोणीतरी पान उघडले, की 'काही काम बाकी आहे का' हे तपासले जाते. ज्या संकेतस्थळावर दिवसेंदिवस कोणी फिरकत नाही, तेथे अपडेट लांबत जातो. यावर उपाय म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पटलातून क्रॉन हे काम ठरावीक वेळी सुरू करणे.

बंद पडल्यास काय करावे?

घाईने पुन्हा बटण दाबू नये. देखभालीची पाटी दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस स्वतःच दुर्लक्षित करते. मूळ प्रणालीचा अपडेट चालू असताना लागणारे कुलूप पंधरा मिनिटांनी निकामी होते. तेवढा वेळ थांबूनही पाटी दिसत असेल, तर फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा, मुख्य फोल्डरमधील 'डॉट मेंटेनन्स' ही फाइल काढावी आणि कॅश रिकामा करावा.

तरीही पान उघडले नाही, तर सर्व्हरची त्रुटी नोंद वाचावी. तेथे एखाद्या प्लगिनचे नाव आढळल्यास त्याच्या फोल्डरचे नाव बदलावे, म्हणजे ते निष्क्रिय होते. मूळ प्रणालीच्याच फाइली अर्धवट असतील, तर आधी फाइली आणि डेटाबेस यांची प्रत घ्यावी. नंतर अधिकृत संकेतस्थळावरून पूर्ण झिप उतरवून 'डब्ल्यूपी-अॅडमिन' आणि 'डब्ल्यूपी-इन्क्लूड्स' हे दोन फोल्डर आणि मुख्य फोल्डरमधील फाइली बदलाव्यात. 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइल यांना हात लावू नये. आपली चित्रे, थीम आणि डेटाबेसची किल्ली त्यांत असते.

हे सर्व करण्याची वेळ आता पूर्वीइतकी वारंवार येऊ नये. जुलै २०२४ मधील ६.६ आवृत्तीपासून स्वयंचलित अपडेटनंतर एखाद्या प्लगिनमुळे संकेतस्थळ कोसळल्यास त्याची आधीची आवृत्ती आपोआप परत बसवली जाते.

न दिसणारे अपयश

कोरे पान निदान दिसते. अपडेट होतच नाही आणि कोणाला कळतही नाही, हे अपयश अधिक महाग पडते. २६ जानेवारी २०१७ रोजी आलेल्या ४.७.२ आवृत्तीने एक गंभीर त्रुटी बुजवली. लोकांना अपडेट करण्यास अवधी मिळावा, म्हणून त्या त्रुटीचा तपशील १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर केला नव्हता. तो जाहीर होताच हल्ले सुरू झाले आणि जुन्या आवृत्तीवर राहिलेल्या संकेतस्थळांची लाखो पाने विद्रूप झाली. ज्यांच्याकडे अपडेट आपोआप झाला होता, त्यांना याची झळ लागली नाही.

उलट उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०१८ मधील ४.९.३ आवृत्तीत एक चूक राहिली आणि त्या अपडेटने स्वयंचलित अपडेटची यंत्रणाच बंद पाडली. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आली, पण ती अनेकांना स्वतः बटण दाबून घ्यावी लागली. संकेतस्थळ व्यवस्थित दिसत असल्याने काही बिघडले आहे, हे मालकाला कळण्याचा मार्गच नव्हता.

म्हणून सोय सुरूच ठेवावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. महिन्यातून एकदा 'साइट हेल्थ' हे पान उघडावे. पार्श्वभूमीवरील अपडेट चालतात की नाही, पीएचपीची आवृत्ती जुनी झाली आहे का, हे तेथे समजते. पीएचपी फार जुने असेल, तर नवी आवृत्ती बसतच नाही. व्यवस्थापकाचा ई-मेल पत्ता तपासावा. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या, आता संपर्कात नसलेल्या माणसाचा पत्ता तेथे असेल, तर अपयशाची सूचना त्यालाच जात राहील. आणि बॅकअपची एक प्रत त्या सर्व्हरबाहेर, स्वतःकडे ठेवावी. चाळीला आग लागली, तर चाळीतच ठेवलेली दुसरी किल्ली उपयोगी पडत नाही.