लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची शंका

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे करता करता १९०३ च्या सुमारास ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर तयार झाले, परंतु गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली!

या समजुतीला आज हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षाचे पोट एका शिवारावर अवलंबून, तो नव्या अवजाराला सहजासहजी हात लावीत नाही, लावूही नये. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी नांगर ती पालथी घालतो आणि हरळीच्या मुळ्या उन्हात आणून टाकतो. हे नुसते सांगून पटत नाही, बांधावर उभे राहून पाहावे लागते.

नांगर शेतात टिकला. १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली.

गावात नवे बियाणे वा अवजार नेणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम ते एका पट्ट्यात वापरून दाखवावे, शेजारी जुन्या वहिवाटीचा पट्टा राखावा आणि शेतकऱ्यांच्या शंका हंगामभर वहीत टिपून घ्याव्यात; खुळचट वाटणाऱ्या शंकाही.