परीक्षेतील विसर आणि माणसाचा स्वभाव

‘सर, सगळे येत होते, पण ऐन वेळी काही आठवलेच नाही.’ दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत हे वाक्य कानांवर आले नाही असा शिक्षक महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतसारख्या (रायगड जिल्ह्यातील, रेल्वेच्या कर्जतशी याची गल्लत करू नये) अवर्षणप्रवण तालुक्यात तर या वाक्यामागे पुष्कळ काही उभे असते. पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या शेतीतून बाहेर पडावयाचे, पोलीस भरतीला उभे राहावयाचे किंवा येथील दादा पाटील महाविद्यालयातून पुढे पुणे गाठावयाचे, तर वाडीवस्तीवरच्या मुलाची वाट परीक्षागृहातूनच जाते. तेथे जे आठवले नाही त्याचे मोल गुणपत्रिकेपुरते राहत नाही. आपण मात्र त्या वाक्याचा निकाल एका शब्दात लावून मोकळे होतो : सबब.

ती नेहमीच सबब नसते. ऐन रणात विद्या आठवू नये, हा शाप कर्णाला परशुरामाकडून मिळाला. सामान्य विद्यार्थ्याला तो स्वतःच्याच देहातून मिळतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावांवरील संशोधनासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनावर ताण आला की या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि रक्तावाटे ते मेंदूतील स्मृतीच्या केंद्रापर्यंत पोहोचते. १९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात एक बोलका प्रयोग झाला. पाण्याच्या हौदात दडविलेला चौथरा शोधून काढण्यास शिकलेल्या उंदरांना परीक्षेपूर्वी विजेचा सौम्य धक्का देण्यात आला. धक्का दोन मिनिटे आधी किंवा चार तास आधी दिला, तर उंदरांना जागा आठवे. अर्धा तास आधी दिला, तर आठवत नसे. संप्रेरकाचा जोर तेव्हाच चढलेला असतो. पुढे २००० साली माणसांवरही तसाच अनुभव आला. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द, चाचणीपूर्वी तासभर कॉर्टिसोनची गोळी घेतलेल्यांना कमी आठवले; तीच गोळी पाठांतराच्या वेळी घेतली असता मात्र बाध आला नाही. म्हणजे साठविलेले नष्ट होत नाही, कोठाराचे दार तेवढे लागते. पेपर देऊन घरी परतताना एस.टी.त उत्तर लख्ख आठवते, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार येथे ध्यानात घ्यावी.

पण मग एकाच बाकावरील दोघांपैकी एकाचेच दार का लागते? जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९५ साली वीस निरोगी पुरुषांना पाच दिवस रोज परक्या परीक्षकांपुढे भाषण करावयास व तोंडी हिशेब करावयास लावले. पहिल्या दिवशी कॉर्टिसॉल बहुतेकांचे वाढले. दुसऱ्या दिवसापासून तेरा जण सरावले. उरलेले सात पाचव्या दिवशीही पहिल्याइतकेच हादरत होते. या सातांची मनोवृत्ती तपासली तेव्हा त्यांचा स्वतःवरील विश्वास कमी आणि मन वारंवार खिन्न होणारे आढळले. शिकागो विद्यापीठातील २०११ च्या अभ्यासाने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. तात्कालिक स्मरणशक्ती दांडगी असूनही गणिताचा धसका घेतलेल्यांचे कॉर्टिसॉल जितके अधिक, तितकी त्यांची गणिते चुकत गेली. ज्यांना तसा धसका नव्हता आणि ज्यांची तात्कालिक स्मरणशक्ती दांडगी होती, त्यांची कामगिरी मात्र त्याच संप्रेरकाच्या वाढीबरोबर सुधारली! रसायन एकच, एकाला ते चढाईचे बळ वाटते, दुसऱ्याला संकटाची सूचना.

यावरून कोणी मुलांच्या कपाळावर ‘भित्रा’ वा ‘खंबीर’ असे शिक्के मारू लागेल, तर तो नवा अन्याय होईल. प्रश्नावलीतून काढलेला स्वभाव आणि लाळेतून मोजलेले कॉर्टिसॉल यांचा मेळ प्रत्येक प्रयोगात सारखा बसलेला नाही. शिवाय आत्मविश्वास ही काही केवळ जन्मजात वस्तू नव्हे; घरातील कर्ज, इंग्रजीचा तास, वर्गातला अपमान, सगळ्यांचा तिच्यात वाटा असतो. पण ट्रिअरच्या त्या सात जणांकडे आपल्या शाळांनी आणि शिकवणी वर्गांनी अवश्य पाहावे. ‘सराव परीक्षा घेत राहा, भीती आपोआप मोडेल’ हा आपला आवडता सिद्धान्त तेरांना लागू पडतो. सातांसाठी प्रत्येक सराव परीक्षा, विशेषतः फळ्यावर क्रमांक लावून जाहीर केलेली, भीतीचाच सराव ठरते.

त्यांच्यासाठी उपाय निराळा आहे, आणि तो परकाही नाही. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात २०१६ साली असे दिसले की, जे विद्यार्थी मजकूर पुन्हा पुन्हा वाचून शिकले त्यांची आठवण ताणाखाली ढासळली; जे पुस्तक मिटून आठवून पाहण्याच्या रीतीने शिकले त्यांची टिकली. आपल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी पुस्तकाविना म्हणवून घेत ती हीच रीत. तिच्यातील छडी तेवढी वजा केली पाहिजे. तासाच्या शेवटी पाच मिनिटे, गुण न देता, नाव न पुकारता, आज काय झाले ते प्रत्येकाने वहीत आठवून लिहावे, यास कर्जतमधील कोणत्याही शाळेला शिक्षण खात्याची परवानगी मागावी लागणार नाही.

परवानगी लागेल ती दुसऱ्या एका गोष्टीला. पूर्वी राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हाती पडत असे. ती भ्रमणध्वनीवरून बाहेर फिरू लागल्याने २०२३ च्या परीक्षेपासून मंडळाने ही सवलत बंद केली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. कॉपीच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु लिहिण्याची घाई नसलेली ती पहिली दहा मिनिटे, छाती धडधडत असलेल्या मुलाला प्रश्नांची ओळख करून घेण्यास अधिक उपयोगाची होती, असे माझे मत आहे. बंदोबस्ताचा दुसरा काही मार्ग काढून ती परत देता येतील काय, हे मंडळाने पोलिसांबरोबर मानसशास्त्रज्ञांनाही विचारून पाहावे.