वेतनाकडून मानधनाकडे : स्वतंत्र वैद्याने आपला दर कसा ठरवावा?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेपाठोपाठ धनैषणा येते. दीर्घायुष्य लाभले, पण उपजीविकेचे साधन नसले तर ते आयुष्य कष्टाचेच, असा तेथील आशय आहे. उपजीविकेचे मार्ग सांगताना आचार्यांनी कृषी, पशुपालन व व्यापार यांबरोबर राजसेवाही गणली आहे. म्हणजे स्वतंत्र व्यवसाय व नोकरी हे दोन्ही मार्ग शास्त्रास मान्य आहेत. मात्र एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना हिशेब बदलतो आणि तो हिशेब शिकविणारा विषय बीएएमएसच्या साडेपाच वर्षांत आम्हांस कोठे भेटला नाही.

हा प्रश्न आमच्या परिसरात विशेष तीव्र आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड हा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. पुढे चाकण, म्हाळुंगे, तळेगाव येथवर उद्योग पसरले. या पट्ट्यातील रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून किंवा कारखान्यांच्या प्रथमोपचार कक्षात काम करणारे वैद्यबंधू-भगिनी पुष्कळ आहेत. त्यांना आज ना उद्या एक वाक्य ऐकावे लागते : “डॉक्टर, पगारावर नको, महिन्याला बिल द्या.”

आमची चूक

आम्हांसही ते ऐकावे लागले. चाकण परिसरातील एका कारखान्यातील नोकरी संपवून आम्ही तेथेच कंत्राटी तत्त्वावर जाण्याचे ठरविले. मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी दर विचारला. आम्ही मासिक वेतनास २६ दिवसांनी व दिवसास ८ तासांनी भागले आणि येणारा आकडा सांगितला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. शंका यावयास हवी होती ती तेव्हाच! वर्षअखेरीस वही मांडली, तेव्हा हाती उरलेली रक्कम आधीच्या पगाराहून बरीच कमी भरली. काम तेवढेच होते, प्रवास वाढला होता आणि आजारपणाचे आठ दिवस बिनपगारी गेले होते.

हिशेब कसा मांडावा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वैद्याचे मासिक वेतन ४०,००० रुपये व त्यातील मूळ वेतन २०,००० रुपये आहे. २०८ तासांनी भागल्यास ताशी सुमारे १९२ रुपये येतात. हा आकडा फसवा आहे, कारण मालकाचा खर्च व वैद्याचा लाभ केवळ पगारापुरता नसतो.

वार्षिक वेतन ४,८०,००० रुपये. भविष्य निर्वाह निधीत मालक संपूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के भरत असेल, तर ते २८,८०० रुपये. ग्रॅच्युइटी प्रत्येक पूर्ण वर्षास १५ दिवसांचे वेतन, २६ दिवसांचा महिना धरून, म्हणजे सुमारे ११,५०० रुपये. आरोग्य व अपघात विमा स्वतः घेतल्यास २०,००० रुपये धरू. येथवर बेरीज ५,४०,३०० रुपये झाली. आता स्वतंत्र झाल्यामुळे अंगावर आलेला खर्च : इंधन, दूरध्वनी, व्यावसायिक दायित्व विमा, लेखापालाचे शुल्क, उपकरणे व परिसंवाद, मिळून महिना ७,००० म्हणजे वर्षास ८४,००० रुपये. एकूण ६,२४,३०० रुपये.

भाजक बदलणे हे त्याहून महत्त्वाचे. सण, रजा व आजारपण यांचे चार आठवडे वजा करता ४८ आठवडे उरतात. आठवड्यास सहा दिवस धरले, तरी दिवसातील आठही तासांचे बिल होत नाही. निगडीहून तळवडेमार्गे म्हाळुंग्यास किंवा भोसरीहून मोशीमार्गे चाकणच्या चौकात पोहोचण्यास लागणारा वेळ ज्याने अनुभवला आहे, त्यास हे वेगळे सांगावयास नको. नोंदी, बिले व वसुली यांचाही वेळ जातो. बिलाचे पाच तास धरले, तर वर्षास १,४४० तास होतात. ६,२४,३०० भागिले १,४४० म्हणजे ताशी सुमारे ४३४ रुपये. एखादे कंत्राट अचानक सुटल्यास आधार म्हणून त्यावर १५ टक्के धरावेत. दर ताशी ५०० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे पहिल्या आकड्याच्या अडीचपट. हा लोभ नव्हे. हे केवळ पूर्वीच्या ठिकाणी उभे राहणे आहे.

करारात काय असावे?

प्रत्येक भेटीचे किमान तास ठरवावेत. अर्ध्या तासाच्या कामासाठी अर्धा दिवस प्रवासात घालविणे परवडत नाही. दोन्ही बाजूंस किमान ३० दिवसांची पूर्वसूचना असावी. दरवर्षी दराचा फेरविचार व्हावा. कामाची व्याप्तीही लेखी असावी. धोकादायक प्रक्रियेतील कामगारांच्या वैधानिक तपासण्या व प्रमाणपत्रे यांसाठी पात्रतेच्या अटी असतात. आपल्या पदवीच्या कक्षेबाहेरील कागदावर दराच्या मोहाने स्वाक्षरी करू नये.

बिलातून व्यावसायिक शुल्कावर १० टक्के उद्गम कर कापला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात जमा धरला जातो. मात्र महिन्याचे पैसे तेवढे कमी येतात हे ध्यानी ठेवावे. व्यवसाय कराची नोंदणी आता स्वतः करून वर्षाचे २,५०० रुपये स्वतः भरावयाचे असतात. बिले थकणे हा आपल्या पट्ट्यातील जुना रोग. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा त्यावर उपाय आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु सेवादात्यास लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. विलंबास चक्रवाढ व्याज लागते.

दर आणि धर्म

काही ज्येष्ठ म्हणतील, वैद्याने असा बाजार मांडावा काय? चिकित्सेची विक्री करणाऱ्यांची आचार्यांनी निंदा केली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु अपुऱ्या दराचाही एक अधर्म असतो. गृध्रसीने त्रस्त असा एक यंत्रचालक आमच्याकडे आला होता. त्यास विश्रांतीची गरज होती. पर्यवेक्षकास तो दुसऱ्याच दिवशी यंत्रावर हवा होता. आम्ही विश्रांती लिहून दिली. पण लिहिताना हात क्षणभर थांबला, कारण ते एकच कंत्राट आमच्या घराचा आधार होते. त्या रात्री आम्हांस कळले की वरील १५ टक्के ही ऐषारामाची रक्कम नाही. रुग्णाच्या हिताचे तेच लिहिण्याचे स्वातंत्र्य त्यातून विकत मिळते.

पुढील वर्षी आम्ही नवा दर लेखी मांडला, त्यासोबत हिशेबाचा कागदही दिला. तोवर जोडलेल्या तीन ठिकाणांपैकी एकाने नकार दिला, दोघांनी मान्य केला. गेलेले काम भरून येण्यास चार महिने लागले. ते महिने कठीण होते, पण वही पुन्हा तोट्यात गेली नाही.

नव्याने बाहेर पडणाऱ्या वैद्यांना एवढेच सांगणे की पहिला दर तोंडी व घाईत सांगू नये. एक दिवस मागून घ्यावा, कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आपण कमी दरात गेलो की आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येकास तोच आकडा दाखविला जातो. सभासदांनी आपापले हिशेब परस्परांस मोकळेपणाने दाखवावेत, ही विनंती.