म्याऽऽऽव! आखूड आवाज, लांब शब्द

भुकेलं मांजर दाराशी आलं की त्याचं 'म्याव' लांबतच जातं. कानाला ते लगेच कळतं. संगणकाला मात्र शिकवावं लागतं, की आखूड असो वा लांब, आवाज तोच. या शिकवणीतल्या काही गमती:

मांजर ओळखा! २०२३ साली कोडफोर्सेस या संकेतस्थळाच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत एक कोडं होतं: दिलेला शब्द मांजराचा आवाज आहे का? एम, ई, ओ, डब्ल्यू ही इंग्रजी अक्षरं याच क्रमाने हवीत. प्रत्येक कितीही वेळा चालेल, पण एकदा तरी हवंच. युक्ती सोपी: लागोपाठची सारखी अक्षरं दाबून एक करा आणि उरलेली चार तपासा.

गाय मात्र फसवते. तिच्या इंग्रजी 'एम-ओ-ओ'त मुळातच दोन ओ. दाबले की एकच उरतो! म्हणून इथे ओ मोजावे लागतात: दोन किंवा जास्त.

एका अधिकची करामत. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा लिहायच्या पद्धतीत, अक्षरापुढे '+' लावला की अर्थ होतो, 'हे एकदा किंवा कितीही वेळा'. या विद्येचा पाया अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात घातला. १९६८मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती मजकूर शोधायला जुंपली.

शंभर कोटींचं हंबरणं. अमेरिकेच्या यूएसएको या संगणक ऑलिंपियाडमधलं एक कोडं तीन अक्षरी हंबरण्यापासून सुरू होतं. पुढच्या प्रत्येक फेरीत आधीचं सगळं दोनदा, आणि मध्ये एका ओने वाढलेलं नवं हंबरणं. लांबी ३, मग १०, मग २५... सत्ताविसाव्या फेरीत ती शंभर कोटी ओलांडते!

नुसतं हंबरून प्रोग्रॅम. २००३ साली आलेल्या 'काउ' या गमतीदार संगणकभाषेत आज्ञा फक्त १२, आणि बहुतेक हंबरण्याच्याच तऱ्हा. लहान-मोठी लिपी बदलली की आज्ञा बदलते.

आपला हुकमी ऽ. मराठीत काना दोनदा टाइप केला, की पुष्कळदा पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पण अवग्रह हवा तितका ओढा: म्याऽव, म्याऽऽऽऽव. पायथन या संगणकभाषेत 'ऽ'ला ५ने गुणलं की ऽऽऽऽऽ तयार! ताण काढायचा तर 'ऽ' तेवढे पुसा, मूळ 'म्याव' जसंच्या तसं हाती.

जागा मात्र जास्त. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी 'म्याव' ४ बाइटचं. आपलं म, हलन्त, य, काना, व मिळून १५ बाइटचं. प्रत्येक 'ऽ'मागे आणखी ३.

आणि आवाजाच्या लांबीचं जुनं मोजमाप? स्वर ऱ्हस्व, दीर्घ की प्लुत, हे पाणिनीने 'उ'च्या तीन लांबींवरून सांगितलं. परंपरा म्हणते, त्यामागे कोंबड्याची बांग आहे. 'पाणिनीय शिक्षा' हा उच्चारांवरचा ग्रंथ तर थेट मापंच देतो: मुंगूस अर्धी मात्रा, चाष पक्षी एक, कावळा दोन आणि मोर तीन. उद्या मोराचा आवाज कोडमध्ये बसवायचा झाला, तर 'ऽ' किती लावायचे याचा हिशोब तिथूनच सुरू करता येईल.